फळं वाटू नका, भरवायला या

प्रति,
बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि सीमाभागातल्या गावोगावच्या गणेशोत्सव मंडळांचे, युवक मंडळांचे आणि महिला मंडळांचे अध्यक्ष व कार्यकर्ते यांस,

स. न. वि. वि.

विसर्जन झालं, मांडव उतरला, वर्गणीचा हिशेब लागला की मंडळांच्या बैठका बसतात आणि पुढच्या वर्षाचे सामाजिक उपक्रम वहीत लिहिले जातात. बहुतेक वह्यांत तीन ओळी ठरलेल्या असतात : रक्तदान शिबिर, गरजू मुलांना वह्यावाटप, रुग्णांना फळवाटप. पहिल्या दोन ओळींना कुणी हात लावू नये. तिसरी ओळ मात्र खोडा आणि तिच्या जागी दुसरी लिहा, एवढं सांगायला हे पत्र.

मी तुमच्यातलाच. वडगावात घर, हयात वायव्य कर्नाटक परिवहनाच्या गाडीत तिकिटं फाडण्यात गेली. जांबोटी-कणकुंबी, नंदगड, शिनोळीवरून चंदगड हे माझे मार्ग. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा एका मोठ्या रुग्णालयात, पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात, संध्याकाळचा स्वयंसेवक म्हणून जाऊ लागलो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. जे लिहितोय ते आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याला लागू आहे, सरकारी असो की ट्रस्टचा.

फळवाटप बॅनरच्या बाजूने तुम्ही पाहिलंय. खाटेच्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो. पंधरा-वीस जण एकदम आत येतात. गळ्यात उपरणी, पुढे फोटोवाला उलटा चालत. पहिल्या खाटेवरच्याला मधुमेह, पायाची जखम भरत नाही म्हणून दाखल. त्याला दोन केळी. दुसऱ्याची थोड्या वेळाने दुर्बिणीची तपासणी, म्हणून पाणीसुद्धा बंद. त्याच्या उशाशी सफरचंद. तिसऱ्याची किडनी गेलेली, डायलिसिस चालू. केळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नसेल तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टरांनी त्याला केळं वर्ज्य सांगितलेलं. त्यालाही केळीच. चौथ्यावरून अर्धांगवायू गेलाय, उजवा हात उचलत नाही, गिळताना ठसका लागतो. त्याच्या पोटावर सफरचंद ठेवून फोटो निघतो आणि मंडळी पुढच्या वॉर्डात जातात. रात्री ती सफरचंदं पोरंटोरं आणि वॉर्डबॉय खातात. खाऊ देत बिचारे, त्यांचीही पोटं आहेत. पण चौथ्या खाटेवरचा माणूस उपाशीच.

त्याला काय हवं होतं? सिस्टरला विचारून कुणीतरी पलंगाची पाठ उभी करायला हवी होती. मऊ भात किंवा घट्टसर गंजी, म्हणजे पेज, अर्ध्या चमच्याने, तोंडाच्या चांगल्या बाजूला द्यायची, हनुवटी किंचित खाली ठेवायला सांगायची, घोट खाली उतरला की नाही ते गळ्याकडे बघून ठरवायचं आणि मगच पुढचा चमचा. जेवण झाल्यावर तोंड धुऊन द्यायचं आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, नाहीतर अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. या सगळ्याला अर्धा तास सहज जातो. वॉर्डभर रुग्ण, त्यांच्या सलाईन, इंजेक्शनं, नोंदी आणि दोन-तीन सिस्टर. त्यांनी एकाच खाटेपाशी अर्धा तास बसायचं कसं? त्यांच्यावर रागावण्याआधी एकदा रात्रपाळी उतरताना त्यांचे पाय बघा.

त्यात संध्याकाळची वेळ वाईट. हे मला कंडक्टर म्हणून आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्याचा दुसरा भाग वॉर्डात गेल्यावर कळला. शेवटची गाडी पकडायला बेळगाव स्टँडवर जी गर्दी असते, त्यात हातात रिकामा डबा आणि दवाखान्याची पिशवी घेतलेली माणसं कितीतरी असतात. घरी गुरांची धार काढायची असते, पोरांची शाळा असते, भातलावणीचे दिवस असतात. खानापूरच्या पलीकडे, भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्तोळी, आमगावसारख्या गावांत तर पावसाळ्यात आजारी माणसाला लाकडांच्या डोलीतून खांद्यावर रस्त्यापर्यंत आणावं लागतं. आणणारे चौघे परत जातात, सोबत एखादीच सून किंवा पुतण्या राहतो आणि तोही औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन खाली-वर पळत असतो. म्हणजे नातेवाईक गाडीला गेलेले, दिवसपाळी संपत आलेली आणि रात्रीचं जेवण ताटात, अशी ती वेळ. साधारण सहा ते आठ. आणि नेमक्या याच वेळेला तुमची पोरं कट्ट्यावर मोकळी असतात.

आता एक घडलेलं सांगतो. कणकुंबीच्या बाजूचे एक मामा होते. ताप उतरला होता, पण ताट जसं यायचं तसं परत जायचं. सिस्टर विजापूरकडची, पोरगी प्रेमळ, "ऊटा माड्री अज्जा", म्हणजे जेवा आजोबा, म्हणून रोज विनवायची. मामांना कन्नड तेवढंच, जेवढं बाजारात लागतं. ते नुसते हसायचे आणि मान हलवायचे. कागदावर नोंद पडली की तोंडाने घेत नाहीत. मी ओळखीचा निघालो, कारण त्यांनी माझ्या गाडीत कोंबड्याचं तिकीट काढायला वाद घातला होता म्हणे. मला आठवत नाही, त्यांना आठवत होतं.

"मामा, भूक नाही काय?"

"भूक हाय की ओ."

"मग?"

त्यांनी आ करून दाखवला. वर-खाली नुसत्या हिरड्या. कवळी कुठं म्हणून विचारलं तर खाटेखालच्या पिशवीकडे बोट. पिशवीत धोतर, धोतरात टॉवेल, टॉवेलात पत्र्याची डबी आणि डबीत कवळी. घरून निघताना हरवू नये म्हणून सुनेने जपून ठेवलेली, आणि सून त्याच संध्याकाळी धारेला परत गेलेली. कवळी गार पाण्यात ब्रशने घासली. गरम पाण्यात घालायची नसते, आकार बिघडतो. मामांनी ती स्वतःच बसवली, दोन वेळा टक-टक वाजवून बघितली आणि सारात कालवलेला भात खाऊ लागले. तिसऱ्या घासाला म्हणाले, "मीठ कमी हाय." सिस्टरला मी हे कन्नडमध्ये सांगितलं तेव्हा ती जी हसली! जेवणाला नावं ठेवायला लागला की पेशंट सुधारला, हे वॉर्डातलं साधं गणित आहे.

यात मी औषध दिलं नाही की सुई टोचली नाही. माझ्याकडे वेळ होता आणि त्यांची भाषा होती, बस्स.

असल्या किरकोळ वाटणाऱ्या कामाचा उपयोग मोजूनही झालेला आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनुये यांनी १९९३ साली रुग्णालयातल्या वृद्धांसाठी एक कार्यक्रम उभा केला. त्याचा मोठा भार शिकवून तयार केलेल्या स्वयंसेवकांवर होता. काम काय? रुग्णाला आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे बोलता बोलता सांगत राहणं, चष्मा आणि कानाचं मशीन लावून देणं, जेवताना सोबत बसणं, पाणी पाजणं, आधार देऊन चार पावलं चालवणं आणि रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध, पाठीला हात, थोडी शांतता. १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांची तुलना होती. नेहमीची सेवा मिळालेल्यांत शंभरातल्या १५ जणांना भ्रम झाला, या कार्यक्रमातल्या रुग्णांत दहाहून कमी जणांना.

भ्रम म्हणजे काय ते तुम्ही पाहिलेलं असणार. आपल्याकडे वात झाला म्हणतात. धडधाकट बोलणारा म्हातारा दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बरळायला लागतो, सलाईन उपसतो, पोराला ओळखत नाही. घरचे म्हणतात आता काही खरं नाही. पुष्कळदा ताप, पाण्याची कमतरता, अपुरी झोप, अनोळखी जागा, चष्मा नाही, ऐकू येत नाही, असं सगळं एकत्र येऊन ते होतं आणि कारण दूर झालं की ओसरतंही. डॉक्टरांना ताबडतोब सांगायचं हे पहिलं काम. ते येऊन बघून गेल्यावर मात्र खाटेपाशी बसणारं माणूस लागतं.

एकदा असेच एक गृहस्थ दिवेलागणीला उठून बसले आणि "माझी गाडी सुटंल" म्हणून पाय खाली टाकायला लागले. माझ्यासारख्याला तोंडावर आलं होतं म्हणायला, की थांबा, गाडी लेट आहे. पण खोटं बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं. त्यांचा चष्मा डोळ्यांवर चढवला, डोक्यावरचा डोळ्यांत येणारा दिवा बंद करून बाजूचा लावला आणि सांगत राहिलो : काका, हे बेळगाव, हा दवाखाना, आज बुधवार, संध्याकाळचे सात वाजलेत, तुमचा दत्तू सकाळच्या पहिल्या गाडीने येणार आहे. तेच ते, त्याच आवाजात, पुन्हा पुन्हा. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "दत्तू जेवला काय?" आणि आडवे झाले. हात बांधावे लागले नाहीत. दर वेळी असं जमतं असं नाही. काही वेळा तासभर बोलूनही काही होत नाही आणि शेवटी डॉक्टरांनाच औषध द्यावं लागतं.

आता भाषेविषयी, कारण आपल्याकडे तो विषय टाळून कुठलंच पत्र पुरं होत नाही. दवाखान्यात चंदगडची, गडहिंग्लजची म्हातारी येते, तिला मराठीशिवाय काही येत नाही. सौंदत्तीचा, गोकाकचा शेतकरी येतो, त्याला कन्नडशिवाय येत नाही. डॉक्टर शिकायला आलेली पोरं कुठकुठली. आपण बेळगावची माणसं दोन्ही बोलतो, जोडीला थोडं उर्दू, थोडी कोकणी. पाटी कुठल्या भाषेत हवी यावर कुणी भांडत असेल तर माझी ना नाही, पण ते वॉर्डाच्या दाराबाहेर. आत आपलं दोन भाषांचं तोंड हेच मोठं भांडवल आहे. माझी तर सूचना अशी की मराठी मंडळाने पाळी घेताना शेजारच्या कन्नड मित्रमंडळाच्या पोरांना जोडीला घ्यावं. खाटेवरच्या माणसाला फायदा, आणि चहा पिताना पोरांचं एकमेकांशी काय बोलणं होईल ते होईल.

दुभाषाचे नियम मात्र कडक. डॉक्टर जे बोलले तेच सांगायचं, गोड करून नाही, घाबरवून नाही. रुग्ण जे म्हणाला तेही तसंच पोचवायचं. "तो उगीच सांगतोय" अशी आपली टीप जोडायची नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्राचा अर्थ आपण एकट्याने समजावायचा नाही. डॉक्टर समोर असताना वाक्यावाक्याने सांगायचा आणि साक्षीदार म्हणून सही करायची नाही. नातेवाईक कोपऱ्यात घेऊन "म्हाताऱ्याला कॅन्सर म्हणून सांगू नका" म्हणाले, तर ती गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायची. काय सांगायचं ते डॉक्टर आणि घरचे बघतील. उपचारांच्या सरकारी योजनेच्या कार्डाच्या बाबतीतही असंच. इकडच्या रुग्णाकडे आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकचं कार्ड, पलीकडून आलेल्याकडे महाराष्ट्राचं रेशनकार्ड. कशावर काय चालतं ते आपण छातीठोकपणे सांगू नये, माणसाला आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेची माहिती देणाऱ्याच्या, टेबलापर्यंत हात धरून न्यावं. मोठ्या दवाखान्यात ते टेबल हुडकण्यातच निम्मा दिवस जातो. ज्याचा तो निम्मा दिवस वाचतो, त्याची त्या दिवसाची मजुरीही वाचते कधीकधी.

महिला मंडळांना वेगळं सांगायला हवं. बाळंतिणींच्या वॉर्डात तुमच्याइतकं काम कुणालाच जमणार नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आत आलेलं बाळ आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, कापडात बांधून ठेवायचं, याला कांगारू केअर म्हणतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून ही पद्धत सुरू झाली. २०२१ साली पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे आकडे आले. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. जन्मल्यावर लगेच असं छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे चौथाईने कमी झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की अशी बाळं दिवसाचे ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं, असं ठेवावीत.

आठ तास! सीझर झालेल्या, वीस-बावीस वर्षांच्या पोरीने, टाके ओढत असताना, वॉर्डभर माणसांत छाती उघडी टाकून? आमच्या गटातल्या एक ताई या वॉर्डात जातात, त्या म्हणतात की बाळाला हात लावायची वेळ आमच्यावर येतच नाही, आणि यायलाही नको. त्या पडदा ओढतात. पाठीमागे उशा लावून पोरीला अर्धवट बसवतात. पाण्याचा तांब्या हाताला लागेल असा ठेवतात. मग मोर्चा आजीकडे. आजी म्हणते बाळाला कुंची घाला, गोधडीत गुंडाळा, शेक द्या, हे उघडंनागडं काय चाललंय? ताई तिच्याशी वाद घालत नाहीत. आईच्या अंगाची ऊब बाळाला कशी मिळते ते आजीचाच हात बाळाच्या पाठीवर ठेवून दाखवतात, आणि सून दमली की आजीने स्वतः बाळ छातीशी घ्यायचं, बापानेही घ्यायचं, हे सांगतात. एका आजीने एकदा घेतलं ते परत द्यायलाच तयार नव्हती, असं ताईंकडून ऐकलंय.

कुणी म्हणेल, आम्ही काय डॉक्टर आहोत? आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर इथल्या खेड्यांत एक अभ्यास झाला, २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात गावच्या नर्सबाईंनी बाळ जन्मताच आईला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने द्यायच्या, एवढंच. १,६२० बायका त्यात होत्या. गोळी मिळालेल्यांत अतिरक्तस्राव शंभरात साधारण सहा जणींना झाला, न मिळालेल्यांत बारा जणींना. त्या नर्सबाई शिकलेल्या होत्या आणि आपण नाही, हे मान्य. पण बेळगावच्या आडगावात, डॉक्टर नसताना, नीट शिकवलेल्या हाताने वेळेवर केलेल्या साध्या गोष्टीचा परिणाम जगाने मोजून घेतला आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

आणि सामान्य माणसं शिकतात का, तर केरळात बघा. मलप्पुरम जिल्ह्यात १९९९ पासून गावोगावच्या माणसांनी शेजारपाजारच्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची सेवा अंगावर घेतली. तिथे अट एकच साधी : आठवड्याला किमान दोन तास द्यायची तयारी. अशा माणसाला सोळा तासांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष रुग्णांसोबत चार दिवस. पुढे २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केलं. रिक्षावाले, शिक्षक, गवंडी, दुकानदार ही कामं करतात. आपली मंडळं त्यांच्यापेक्षा कुठे कमी आहेत? २०१९च्या महापुरात तुमच्याच पोरांनी छातीभर पाण्यातून म्हातारी माणसं काढली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पोटचे जवळ येईनात तेव्हा अंत्यविधी केले ते याच पोरांनी. १९२४ साली टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली, तेव्हाही डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवादलातली पोरं इथे राबली होती. संकट आलं की आपण धावतो, यात शंका नाही. अडचण आहे ती संकट नसलेल्या मंगळवारची. पाऊस पडतोय, मॅच चालू आहे, कुणी बघणार नाही, फोटो निघणार नाही, आणि तरी सहा वाजता वॉर्डात हजर व्हायचंय.

म्हणून मागणं चाळीस माणसांचं नाही. एका मंडळाने एक वॉर्ड आणि आठवड्यातली एक संध्याकाळ घ्यावी. चार माणसं, दोन तास, वर्षभर. दांडी मारायची तर बदली देऊन. मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकाला जी शिस्त लावता, तीच इथे लावा. एकाचा टोल चुकला तर सगळं बेसूर होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

रीतसर जा. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज, सोबत चौघांची ओळखपत्रं. दवाखाना त्याचं ओळखपत्र देईल तेच गळ्यात. मंडळाचं उपरणं, पक्षाचा बिल्ला, काही नाही. मुख्य परिचारिकांकडून आधी शिकून घ्या : हात कसे धुवायचे, माणसाला कुशीवर कसं वळवायचं, चाकाची खुर्ची उतारावर कशी धरायची (उलटी, आपण पुढे आणि रुग्णाची पाठ आपल्याकडे, भले भले चुकतात). एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी हातांना जंतुनाशक, वीस-तीस सेकंद चोळून, नुसतं लावल्यासारखं करून नाही. कावीळ-बी ची लस घ्या. तिचे तीन डोस असतात, पहिला, महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. टीबीचा रुग्ण असेल तर तिथे जायचं की नाही आणि कुठला मास्क लावून ते सिस्टर ठरवतील. स्वतःला सर्दी-ताप असेल तर घरी बसा.

सलाईन, लघवीची नळी, ऑक्सिजन यांना हात नाही. औषध देणं नाही, कुठलं चांगलं ते सांगणं नाही, आयुर्वेद की अॅलोपॅथी ही चर्चा नाही. खाली पडलेली सुई उचलायची नाही, सांगायचं. कागदावर "उपाशी" लिहिलं असेल तर रुग्णाने हात जोडले तरी पाण्याचा थेंब नाही. फार तर सिस्टरला विचारून ओठ ओल्या कापसाने पुसायचे. मोबाईल बाहेर. रील काढणाऱ्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवा, अध्यक्षांचा भाचा असला तरी. वॉर्डात कोण होतं, त्याला काय झालं होतं हे गल्लीत सांगायचं नाही. आपल्याकडे दर तिसरा माणूस पाहुण्यातला निघतो, म्हणून हे जरा जास्तच लक्षात ठेवायचं.

मला एक प्रश्न हमखास विचारतात : हे सरकारचं काम नाही का? नर्स जास्त भरा म्हणून मोर्चा काढायचा की आपण फुकट राबायचं? मोर्चा जरूर काढा, मी पुढे चालतो. आपण जाऊन नर्सची एकही जागा भरून निघत नाही आणि तसं कुणी दाखवायला लागलं तर आपणच बोललं पाहिजे. पण भरती होईपर्यंत चौथ्या खाटेवरच्याने जेवायचं केव्हा? शिवाय खाटेपाशी बसून गप्पा मारायला, मामांची कवळी हुडकायला सरकार कधीच माणूस नेमणार नाही. श्रीमंत देशांतही ते पुष्कळदा स्वयंसेवक करतात.

यातून काय मिळतं, हेही पोरं विचारतात आणि त्यात गैर काही नाही. पहिले काही दिवस वास मिळतो. फिनेल, जखमा, लघवी, सगळ्यांचा मिळून. घरी आल्यावर जेवण जात नाही. मग सवय होते. ज्याला चार दिवस भरवलं त्याच्या खाटेवर पाचव्या दिवशी दुसराच माणूस असतो, आणि तो घरी गेला की देवाघरी हे विचारायला जीभ रेटत नाही. पण त्यापलीकडे जे आहे ते मी नोकरीच्या सबंध काळात अनुभवलं नव्हतं. गाडीत माणसं माझ्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडायची. इथे अर्धांगवायूतून उठणारा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेतो, निम्मं सांडतो आणि माझ्याकडे असा बघतो की कप जिंकून आणलाय. मला रात्री झोप चांगली लागते. गुडघेदुखी आहे तशीच आहे, त्यात फरक नाही. आमच्या गटात बी.कॉम. करणारा एक पोरगा आहे. पहिल्या महिन्यात दाराशीच उभा राहायचा. आता म्हातारे त्याची वाट बघतात, कारण तो दाढी छान करतो. दाढी केल्यावर माणूस आरसा मागतो. आरसा मागणारा माणूस बरा व्हायच्या वाटेवर असतो, असं आमच्या सिस्टर म्हणतात. ते कितपत शास्त्रीय ते मला माहीत नाही, पण खिशात छोटा आरसा मी ठेवतो.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ठराव झाला तर नावं चारच लिहा आणि त्यात एक तरी कन्नड नीट बोलणारा असू द्या. अर्ज कन्नडमध्ये लागेल. मसुदा माझ्याकडे दोन्ही भाषांत तयार आहे, वडगावात कंडक्टरमामा म्हणून कुणालाही विचारा, घर दाखवतील. फळांचे पैसे उरतील, त्यातून वॉर्डासाठी वाकवता येणाऱ्या नळ्या, झाकणाचे प्याले आणि मोठ्या आकड्यांचं एक घड्याळ घ्या; समोरच्या भिंतीवर घड्याळ नसलं की म्हाताऱ्यांना दिवस-रात्र कळत नाही. आणि पहिल्या दिवशी येताना नखं कापून या.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
वडगाव, बेळगाव